काचेच्या पेटीतले बिऱ्हाड

गेल्या आषाढात मी आमच्या घरातली माशांची पेटी विकायला काढली. पेटी दोन फुटी होती. आज दिवाळी तोंडावर आली आहे, आणि बैठकीच्या खोलीत त्याच जागी चार फुटी पेटी उभी आहे. हा हिशेब कसा जुळला हे माझे मलाच नीट उमगलेले नाही. पण दिवाळी अंकासाठी संपादकांनी या सदराला नेहमीपेक्षा दुप्पट जागा देऊ केली आहे, तेव्हा सांगण्याचा प्रयत्न करून पाहतो.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मला मासे आवडतात की नाही, हे बारा-तेरा वर्षांत मला ठरवता आलेले नाही. सकाळी खाद्याची चिमूट टाकताना आणि रात्री पेटीतला दिवा मालवताना ते मला फार आवडतात. मधल्या वेळात मात्र शेवाळलेली काच असते, गुदमरलेला फिल्टर असतो, पाण्याच्या बादल्या असतात, आणि गावाला जायचे म्हटले की ‘माशांचे काय?’ हा प्रश्न असतो. लोक मला म्हणतात, ‘‘सर, मासे पाहिले की मनाला कशी शांती मिळते, नाही?’’ मिळते. फक्त ती पाहुण्यांना मिळते. यजमान त्या वेळी कोपऱ्यातला एक मासा जरा तिरपा का पोहतो आहे, या चिंतेत असतो.

या प्रकरणाची सुरुवात २०१२ सालच्या दसऱ्याला झाली. आमच्या हिंगोलीचा दसरा दीडशे वर्षांहून जुना. रामलीला मैदानावर प्रदर्शन भरते, आकाशपाळणे लागतात आणि दसऱ्याच्या रात्री रावण जळतो. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. रावण जळेपर्यंत त्याला धीर नव्हता, कारण एका दुकानात त्याने काचेच्या गोल भांड्यात फिरणारे दोन गोल्डफिश पाहून ठेवले होते. भांड्यासकट मासे घरी आले. चौथ्या दिवशी एक गेला, सहाव्या दिवशी दुसरा. चिरंजीव दोन दिवस जेवले नाहीत, आणि मी बापाच्या अधिकाराने जाहीर केले की आता पेटी आणायची, शास्त्रशुद्ध! वाचकहो, माणसाने शोकाच्या भरात वस्तू खरेदी करू नये.

पेटी नांदेडहून आणली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. एसटीत ती मांडीवर घेऊन मी बसलो होतो, तिच्यात चिरंजीवांच्या चपला होत्या आणि त्याच्या हातात पाण्याने फुगलेल्या दोन प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. कंडक्टरने आम्हा दोघांची तिकिटे फाडली, पिशव्यांकडे पाहिले आणि म्हणाला, ‘‘सर, यांचं काय? फुल की हाफ?’’ आखाडा बाळापूरपासून कळमनुरीपर्यंत सगळी गाडी मासे मोजत होती. एकदा सात भरत होते, एकदा आठ.

घरी खरा प्रश्न आईचा होता. आई माळकरी. माहेर नर्सीच्या बाजूचे, म्हणजे साक्षात नामदेवांच्या गावाशेजारचे. कांदालसणाला एकादशीला शिवायची नाही, आणि घरात मासे! तिने पेटीकडे पाहिले आणि विचारले, ‘‘हे खायचे नाहीत ना?’’ नाही म्हटल्यावर म्हणाली, ‘‘मग कशाला आणले?’’ या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे.

माझ्या डोक्यात मत्स्यालय म्हणजे मुंबईचे तारापोरवाला. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर ते सुरू झाले. आमच्या शाळेची सहल तिथे गेली होती. काळोख्या दालनातल्या त्या उजळलेल्या खिडक्या आणि त्यांमागून संथपणे जाणारे रंग पाहून मराठवाड्यातल्या कोरड्या गावातला मी पोरगा थिजून गेलो होतो. त्या खिडक्यांच्या मागच्या बाजूला कोणीतरी माणूस बादली आणि नळी घेऊन उभा असणार, हे त्या वयात सुचले नाही. आता त्या खिडकीच्या मागच्या बाजूला मी आहे.

आमचे एकट्याचेच असे झाले, असेही नाही. इंग्लंडात फिलिप हेन्री गॉस नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ साली या विषयावर पुस्तक लिहिले, आणि घरोघरी काचेच्या पेट्यांची लाट आली. पाणी गढूळ होऊ लागले, जीव मरू लागले, आणि पुढच्या दशकात ती लाट ओसरली. इंग्रज शहाणे. त्यांनी वेळीच पेट्या माळ्यावर टाकल्या.

पहिले वर्ष बरे गेले. गप्पी तर इतके वाढले की देता पुरवेनात. गप्पी म्हणजे तोच बोटाच्या पेराएवढा मासा, जो हिवतापवाले डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरीत आणि हौदात सोडतात. तो अंडी घालत नाही, जिवंत पिले देतो, आणि अधूनमधून स्वतःची पिले स्वतःच खातो. ‘‘यंदा संक्रांतीचं वाण म्हणून एकेक बाटली गप्पीच देते,’’ असे आमच्या सौभाग्यवतींनी सांगितले. ती थट्टा होती की सूचना, हे मी विचारले नाही.

मग आली २०१३ सालची दिवाळी. आता जे सांगतो आहे ते कधी कोणाला सांगितलेले नाही.

दिवाळीची साफसफाई चालली होती. भिंतींना रंग लागला, भांडी घासून लखलखली, आणि मला वाटले, पेटीनेच काय घोडे मारले आहे? मी मासे बादलीत काढले. वाळू उपसली, नळाखाली धरली आणि पाणी निवळ येईपर्यंत चोळली. फिल्टरचा स्पंज साबण लावून धुतला. काच आतून-बाहेरून घासली. नवे कोरे पाणी भरले. पेटी अशी दिसू लागली की दारात आलेला माणूस म्हणावा, वा! नरकचतुर्दशीला मासे पाण्याच्या वर येऊन तोंडे उघडमिट करू लागले. मला वाटले, भूक लागली असेल. जास्त खाद्य टाकले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्यांतले चार उलटे झाले. भाऊबीजेपर्यंत पेटी स्वच्छ होती आणि रिकामी होती.

कारण नंतर कळले. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया साचतो, आणि तो माशाला विष आहे. वाळूत आणि स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्तीला असतात. त्यांची एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, तेही विषच. दुसरी जात त्या नायट्राइटचे नायट्रेट करते, आणि ते माशाला पुष्कळच सुसह्य असते. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो, आणि साबणाने किंवा नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ती एका दुपारी उठते. म्हणून जाणते लोक एका वेळी पाव भागच पाणी बदलतात, क्लोरीन उडून जावे म्हणून पाणी आदल्या दिवशी भरून ठेवतात, आणि स्पंज धुतला तर पेटीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळतात. ज्याला मी घाण समजत होतो, तेच त्यांचे घर होते.

चिरंजीवाने फक्त एवढेच विचारले होते, ‘‘बाबा, तुम्ही पाण्यात काय टाकलं?’’ मी म्हणालो, ‘‘काही नाही. मासे म्हातारे झाले होते.’’ वर्गात साठ पोरांसमोर उभा राहून मी सत्यावर बोलतो. त्या दिवशी माझ्या नजरेला नऊ-दहा वर्षांच्या पोराची नजर पेलली नाही. पेटी द्वेषाने पाहण्याची माझी ती पहिली वेळ. दोष पेटीचा नव्हता, म्हणून द्वेष जास्तच कडवट होता.

त्या वेळीच पेटी निघायची. आईने ती राहू दिली. मधल्या काळात काय घडले ते माझ्या ध्यानातच आले नव्हते. मागच्याच उन्हाळ्यात एका रात्री वीज गेली होती, ती चार तास आली नाही. पंप बंद, बुडबुडे बंद. मी कंदील शोधत होतो तोवर आई उठली, देवघरातला तांब्या घेतला, पेटीतले पाणी तांब्यात भरायचे आणि हातभर उंचीवरून बारीक धारेने परत ओतायचे, असा तिचा सपाटा सुरू झाला. ‘‘वरून पाणी पडलं की हवा मिसळते,’’ ती म्हणाली. ‘‘विहिरीवर मोटेच्या धारेखाली मासे गोळा होत, पाहिलं नाहीस का कधी?’’ मी मोटच पाहिली नव्हती. पहाटे वीज आली तेव्हा आई पेटीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. सगळे मासे जिवंत होते. तेव्हापासून तिच्या तोंडी ‘मासे’ हा शब्द नाही, ‘लेकरं’ आहे. भाऊबीजेला पेटी रिकामी झाली, आणि तुळशीच्या लग्नाला आईने विचारले, ‘‘नांदेडला कधी जातोस?’’

दुसऱ्यांदा द्वेष वाटला तो २०१६ च्या उन्हाळ्यात. मराठवाड्यातल्या कोणालाही ते साल सांगावे लागत नाही. एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याची वाट पाहत बायका रात्री जागत होत्या. आमच्या पेटीला आठवड्याला एक बादली नवे पाणी लागे. एक बादली म्हणजे फार नव्हे, असे मी स्वतःला समजावत होतो.

एका सकाळी मी ती बादली पेटीत ओतत होतो. दार उघडे होते. शेजारच्या काकू घागर घेऊन उभ्या होत्या. ‘‘सर, घागरभर मिळेल का? घरी पाहुणे आलेत.’’ माझ्या हातातली बादली अर्धी रिकामी झाली होती. काकूंनी पेटीकडे पाहिले, बादलीकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘चांगले आहेत हो मासे.’’ त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

उरलेली अर्धी बादली आणि पिंपातले आणखी थोडे पाणी त्यांच्या घागरीत गेले. त्याच दिवशी मोठे गोल्डफिश आमच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या मित्राच्या स्वाधीन केले. त्याच्याकडे हौद होता. पेटीत पाच-सहा चिमुकले मासे राहिले. खाद्य निम्मे केले, म्हणजे घाणही निम्मी. पाणी बदलणे बंद झाले. उन्हाने आटेल तेवढे, रोज एक तांब्या, भरायचे. तो तांब्या कुठून आला, हे मला पंधरा दिवसांनी कळले. आई आंघोळीला बसण्याआधी आपल्या बादलीतून तो काढून ठेवत होती. मी रागावलो तेव्हा म्हणाली, ‘‘माझ्या वाट्याचं आहे. तुझ्या वाट्याचं काढलं का?’’ जूनमध्ये पाऊस आला. तेव्हापासून पेटीतून काढलेला एक थेंबही आमच्याकडे मोरीत जात नाही. तो तुळशीला आणि मोगऱ्याला जातो. त्यातल्या नायट्रेटवर मोगरा असा फुलतो की काकूंच्या देवालाही पुरतो. पण पुन्हा सोळा साल आले तर काय कराल, असे सौभाग्यवती अजून विचारतात, आणि मी चष्मा पुसत बसतो.

आता मुख्य आरोपीकडे वळतो. २०१७ साली दुकानदाराने काचेवरचे शेवाळ खाणारा म्हणून एक काळपट, ठिपक्यांचा मासा गळ्यात मारला. बाजारात त्याला ‘सकर’ म्हणतात. तोंड खालच्या बाजूला, काचेला चिकटलेले. दिवसा दगडाआड निश्चल, रात्री भटकंती. तेव्हा तो करंगळीएवढा होता. आईने त्याचे नाव काळू ठेवले. काळूने शेवाळ थोडे खाल्ले, आणि त्याच्या दसपट घाण केली. तो वाढत गेला. चिरंजीव शिकायला पुण्याला गेले, तेव्हा काळू वीतभर होता. यंदाच्या आषाढात तो जवळजवळ फूटभर झाला, आणि पेटीची रुंदी एक फूट. वळायचे म्हणजे त्याला शेपूट दुमडावी लागे. रात्री तो वळताना शेपटीचा काचेवर ‘टप्’ असा आवाज होई. पंपाच्या घरघरीने माझी झोप आधीच मोडलेली. त्या ‘टप्’ने तिचा निकालच लावला. काचेला चिकटून तो माझ्याकडे पाही. लोक म्हणतात माशाची आठवण तीन सेकंदांची. ते खोटे आहे; गोल्डफिश शिकलेली गोष्ट महिनोन्‌महिने लक्षात ठेवतात, हे प्रयोगांत दिसून आले आहे. काळूच्या ध्यानात काय काय असेल, या विचाराने मी पेटी विकायला काढली.

कळमनुरीचा एक तरुण पाहायला आला. पेटी पसंत, पंप पसंत, छोटे मासे पसंत. काळूकडे पाहून म्हणाला, ‘‘सर, हा नको.’’

‘‘कयाधूत सोड,’’ आई म्हणाली. ‘‘बिचारा मोकळा तरी होईल.’’

मलाही ते पटले होते. मराठीचा अध्यापक असल्यामुळे मला लगेच शतपथ ब्राह्मणातला मनू आठवला. हात धुताना मनूच्या ओंजळीत एक लहानसा मासा येतो आणि संरक्षण मागतो. मनू त्याला घटात ठेवतो. घट अपुरा पडतो, तेव्हा खड्डा खणून त्यात ठेवतो. तोही पुरेनासा होतो, तेव्हा समुद्रात सोडतो. पुढे प्रलयात तोच मासा मनूची नौका ओढून नेतो. जगातला पहिला मत्स्यालयवाला मनू, आणि त्यालाही पहिली अडचण आली ती पेटी लहान पडण्याचीच! या विषयाचे आणि आमच्या भाषेचे नातेही जुने आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या शके १०५१ मधल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मराठीच्या अगदी जुन्या ओळी सापडतात, त्यांत मत्स्यावताराची स्तुती आहे. आणि त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती कोणत्या, कोणाला काय खाऊ घालावे, हे सगळे राजाने हौसेने सांगितले आहे. कशासाठी? तर गळाला लावण्यासाठी. एकाच पोथीत माशाची आरतीही आहे आणि गळही आहे. मला त्या राजाची फार जवळीक वाटते.

काळूला बादलीत घालून निघणार, इतक्यात पुण्याहून फोन आला. आजीने नातवाला बातमी दिली होती. ‘‘बाबा, नदीत सोडायचा नाही हं त्याला!’’ मी मनूचा दाखला दिला. तो म्हणाला, ‘‘बाबा, मनूचा मासा इथला होता. हा दक्षिण अमेरिकेतला आहे.’’ आणि मग त्याने मला पंधरा मिनिटे शिकवले. या माशाच्या अंगावर हाडांचे चिलखत असते. इथल्या माशांना तो सहसा खाता येत नाही. पाणी खराब झाले तर वरची हवा गिळून जगतो. नदीच्या काठात बिळे करतो, काठ ढासळतात. कोळ्यांची जाळी फाडतो. हौशी लोकांनीच सोडलेला हा मासा देशात बऱ्याच ठिकाणी पसरला आहे. २०२० साली तो वाराणसीजवळ गंगेतही सापडला. ‘‘कयाधू पुढे पैनगंगेला मिळते, बाबा. तुम्ही एक काळू सोडणार, आणि बाकीच्या लोकांच्या बादल्यांतही एकेक काळू आहेच.’’

फोन ठेवताना तो जरा थांबला आणि म्हणाला, ‘‘त्या दिवाळीला तुम्ही स्पंज साबणाने धुतला होता ना? मला तेव्हाच कळलं होतं. बादलीला फेस होता.’’

बारा वर्षे पोराने ते पोटात ठेवले होते.

कळमनुरीच्या तरुणाला मी पेटी दिली, छोटे मासेही दिले. आमचा पंप जुना, त्याने तो पाहून बाजूला ठेवला. काळू मोठ्या टपात पडून होता. पुढच्या रविवारी वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी स्टँड करून आणले आणि नांदेडहून चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी पेटी टेम्पोतून आली. पाणी अडीचशे लिटर. या खेपेला मी शहाणा झालो होतो: जुन्या पेटीतली वाळू आणि न धुतलेला स्पंज जपून ठेवला होता, तो नव्या पेटीत घातला. त्याची वस्ती त्याच्याबरोबर आली. काळूने पहिल्या रात्री एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ पोहून पाहिले आणि शेपूट न दुमडता वळला. सौभाग्यवती दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘‘घट झाला, खड्डा झाला. यापुढे समुद्र, आणि तो काही आपल्या घरात मावायचा नाही. आताच सांगून ठेवते.’’

नव्या पेटीबरोबर नवा पंप आला होता, आवाज न करणारा. बारा वर्षांनी मी त्या रात्री निवांत झोपणार होतो. रात्री दीडच्या सुमारास आईच्या खोलीतून काठीचा आवाज आला. ती अंधारात भिंत चाचपत बैठकीच्या खोलीत आली होती. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही तिला आता मासे नीट दिसत नाहीत.

‘‘काय रे, लाईट गेली का? बुडबुडे वाजत नाहीत. तांब्या कुठं आहे?’’

मी दिवा लावून दाखवला, पेटीच्या काचेवर तिचा हात ठेवला, काळू कुठे आहे ते सांगितले. ती परत जाऊन पडली. पण तासाभराने पुन्हा काठी वाजली.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून जुना पंप काढला. नव्याच्या शेजारी तो लावला आहे, आणि तो पूर्वीइतकाच घरघरतो. आई गाढ झोपते. हा मजकूर मी रात्री अडीच वाजता लिहितो आहे.